ताज्या लाकडाचा वास

“तिथेच थांबा. पुढे पाऊल टाकू नका,” बायको आतूनच म्हणाली. मागचं दार वीतभर उघडलं, झाकणाची बादली बाहेर आली आणि दार पुन्हा लागलं.

मामांनी मुकाट्याने शर्ट काढला, पॅन्ट काढली, दोन्ही बादलीत कोंबून झाकण घट्ट लावलं आणि शेजारच्या न्हाणीघरात शिरून ते अंग घासू लागले. आधी कपड्यांचा साबण, मग अंगाचा, मग एक हिरवा जंतुनाशक साबण. हा हिरवा साबण बायकोने खास त्यांच्यासाठी आणलेला होता आणि त्याला घरात दुसरं कोणी हात लावत नसे. कोपरं झाली, कानामागे झालं, नखं झाली, की त्यांना घरात प्रवेश मिळे, तोही स्वयंपाकघरापर्यंत. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या चार आणि घरात माणसं तीन, तरी मामांचं ताट खिडकीखालच्या स्टुलावर ठेवलेलं असे. तिथून वारं बाहेर जातं, असा बायकोचा शोध होता.

वास उंदरांचा होता. मामा एका संशोधन संस्थेच्या प्राणिघरात पिंजरे साफ करायचे. खिडकी नसलेली लांबट खोली, भिंतभर मांडण्या, मांडण्यांवर प्लास्टिकचे पिंजरे आणि त्यांत पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर. नर उंदराच्या मुताचा वास ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही. तो आधी कपड्यांत बसतो, मग केसांत, मग कातडीत, आणि एकदा कातडीत बसला की साबण फक्त त्याच्यावर सुवासाचा एक थर देतो. संस्थेत सगळे त्यांना उंदीरमामा म्हणायचे. आधी गंमत म्हणून, नंतर सवयीने. नवीन आलेल्यांना तर त्यांना दुसरं काही नाव असेल असं वाटतही नसे.

मामांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. कामावर माणूस कामाचाच वास घेऊन फिरणार. पण घरातली गोष्ट वेगळी होती, आणि गेल्या महिन्यापासून तर फारच वेगळी झाली होती.

झालं असं, की मुलीने स्वतःच्या ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता. त्याची आई पहिल्यांदा घरी आली, सोफ्यावर बसली, पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि तेवढ्यात मामा आतून बाहेर आले. दोनदा साबण लावून आले होते. बाईंनी ग्लास खाली ठेवला, मान इकडेतिकडे फिरवली आणि अगदी आपुलकीने विचारलं, “तुमच्याकडे उंदीर झालेत का हो? आमच्याकडेही झाले होते. चिकट कागद ठेवा, सगळे सापडतात.”

बायको हसली. मुलगी हसली नाही. मामा “हो, बघतो” म्हणून आत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत आतच राहिले.

नंतर मुलगी त्यांच्याजवळ आली. जवळ म्हणजे दारापर्यंत. ती रागावली नव्हती, उलट आवाज मऊ होता, आणि मामांना तोच सहन झाला नाही. “बाबा, पुढच्या वेळी ते येतील ना, तेव्हा तुम्ही जरा बाहेर फिरून याल का?”

“येईन की,” मामा म्हणाले. “चालायला सांगितलंच आहे मला डॉक्टरांनी.”

त्यांना कुठल्याही डॉक्टरने काहीही सांगितलेलं नव्हतं. या माणसाला आयुष्याकडून फार काही नको होतं. मुलीच्या लग्नाची बोलणी होतील तेव्हा आपण त्या टेबलाशी खुर्चीवर बसलेलं असावं, एवढंच हवं होतं. आता यासाठी कुणी काय करावं? मामांनी केलं ते असं.

पिंजऱ्यात उंदरांच्या अंगाखाली भुसा घालायचा असतो. भुसा म्हणायचा एवढंच. प्रत्यक्षात त्या रंध्यातून निघालेल्या कागदासारख्या पातळ साली असतात. संस्थेत तो एका ठरलेल्या माणसाकडून यायचा. भट्टीत भाजून आणलेला, कोरडा, करड्या रंगाचा, आणि कसलाही वास नसलेला. त्यामुळे खोलीत फक्त उंदरांचाच वास उरे. एके दिवशी त्या माणसाची भट्टी बंद पडली आणि माल यायचा थांबला. ज्यांचं उंदरांवर काम चाललं होतं त्या डॉक्टरबाई परिषदेसाठी परदेशी गेलेल्या. भांडारातल्या बाबूने हात झटकले.

“मामा, तुम्हीच बघा कुठून तरी. लाकडाचा भुसा तो लाकडाचा भुसा. उंदरांना काय परांच्या गाद्या पाहिजेत?”

मामा शोधत शोधत खोक्यांच्या कारखान्यात गेले. तिथे मोठमोठ्या यंत्रांसाठी पाइनची खोकी बनवायचे. दारातून आत पाऊल टाकलं आणि ते उभेच राहिले. रंध्याच्या यंत्राखाली गुडघाभर ढीग साचला होता, पिवळसर, गुंडाळ्या गुंडाळ्या झालेला, आणि सगळी शेड त्या वासाने भरली होती. गोडसर, थंड, नाकातून थेट डोक्यात जाणारा वास. मामांनी दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घातले आणि बाहेर काढून हुंगले. हात त्यांचे वाटतच नव्हते.

“तो नका नेऊ,” रंधेवाला यंत्र बंद करून म्हणाला. “मागे वाळलेला पडलाय, सुकवलेल्या फळ्यांचा. जनावरांसाठी तो न्या.”

मामांनी मागे जाऊन वाळलेल्या भुशाची मूठ नाकाला लावली. काही नाही. जुन्या कागदाला येतो तेवढासुद्धा वास नाही.

“याचा तर वासच गेलाय.”

“जाणारच. हा पुढचा आज सकाळचा आहे, ओला. अजून चीक आहे त्यात. घोडेवाले येतात ना, ते कधी नेत नाहीत हा.”

“का बरं?”

“मला काय माहीत? घोडे शिंकतात म्हणे.”

“उंदीर म्हणजे काय घोडा आहे?” मामा हसले आणि ओल्या भुशाची पोती बांधायला लागले.

त्या संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बादली ठरल्याप्रमाणे बाहेर आली, पण दार लागलं नाही. बायकोचं नाक फटीत अडकून राहिलं. मग दार आणखी थोडं उघडलं. मग पूर्ण उघडलं.

“कुठे गेला होतात?”

“कुठे म्हणजे? कामावर.”

बायको पुढे आली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याच्या खांद्याशी नाक नेलं आणि डोळे मिटले. “सुतारकामाला लागलात की काय!” ती म्हणाली, आणि आवाजात जे होतं ते मामांनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. “या. या आत. हात धुवा फक्त.”

ते दिवस मामांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, असं सरळ म्हणून टाकायला हरकत नाही. ते टेबलाशी जेवू लागले. मुलगी टीव्ही बघताना त्यांच्या शेजारी बसू लागली, आणि एकदा बोलता बोलता तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, तर मामांना पुढचा कार्यक्रम काय होता तेही आठवेना. हिरवा साबण वाळून तडकला. मामा रोज खिशात भुशाची मूठ घेऊन येत आणि कपड्यांच्या कपाटात, उशीच्या अभ्र्यात, चपलांच्या खणात टाकत. बायको त्यावर चिडत नव्हती. तिने शेजारणीलासुद्धा हुंगायला बोलावलं.

मग विहीणबाईंकडची माणसं जेवायला आली. मुलगा आला, त्याची आई आली, एक काका आला. या वेळी मामांना फिरायला जायला कोणी सांगितलं नाही. ते नवा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला बसले होते. विहीणबाई आत आल्या आल्याच थबकल्या.

“अगं बाई, काय छान वास येतोय घरात! नवं फर्निचर केलंत का?”

“यांचाच तो,” बायको म्हणाली. तिच्या डोळ्यात एक चमक आली आणि पुढचं वाक्य तिने अगदी सहज, वाढता वाढता टाकलं. “लाकडाच्या व्यवसायात आहेत ना हे. पाइनची खोकी बनवतात. मशिनरीची.”

मुलगी ताटाकडे बघत होती. तिने वर पाहिलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. सगळे मामांकडे वळले.

“हो का?” काका म्हणाला. “पाइन टिकतं का पण?”

मामांपुढे दोन वाटा होत्या. त्यांनी घास गिळला आणि दुसरी धरली. “टिकतं की. पण वाळवायला पाहिजे नीट. चीक जायला पाहिजे त्यातला.” रंधेवाल्याकडून ऐकलेलं सगळं त्यांनी सांगितलं, आणि जे ऐकलं नव्हतं तेही. बोलताना हात हवेत फिरवून फळी किती जाड असते ते दाखवलं. विहीणबाई कौतुकाने ऐकत होत्या. निघताना त्या म्हणाल्या, “मग आमच्या मुलांच्या घरात एक कपाट तुमच्या हातचं पाहिजे हं. तोच आहेर समजा.” बायको म्हणाली, त्यात काय, अवश्य. त्या दिवशी घरातली सगळी माणसं मामांवर खूश होती, आणि मामा सगळ्यात जास्त.

प्राणिघरात मात्र शिंका सुरू झाल्या होत्या.

उंदराची शिंक ऐकू येईल अशी नसते. मामांना ती ऐकू येत असे. पिंजरा उघडला की आत बारीक टकटक व्हायची, एखाद्याचं नाक ओलं दिसायचं, एखाद्याचा डोळा चिकटलेला. दोघेतिघे कोपऱ्यात पाठ फुगवून बसलेले असत. इतक्या वर्षांत मामांच्या हातात असं कधी झालं नव्हतं, आणि तसं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन वर सांगून आले असते. या वेळी त्यांनी शिंकणारे पिंजरे मांडणीच्या खालच्या फळीवर सरकवले. तिथे वाकल्याशिवाय कोणाला दिसत नसे. हवा बदललीये, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खोलीतली हवा यंत्राने बाराही महिने एकसारखी ठेवलेली असते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण माणसाला एकदा खुर्ची मिळाली की तो तिच्यासाठी काय काय खाली सरकवतो हे बघायला फार लांब जावं लागत नाही.

डॉक्टरबाई परत आल्या. त्या एका गुंगीच्या औषधावर काम करत होत्या. उंदराला औषध टोचायचं, तो झोपला की पोटावर छोटीशी चीर देऊन आत एक नळी बसवायची, टाके घालायचे आणि जाग कधी येते ते घड्याळ लावून बघायचं. हे औषध त्यांनी परदेशी जाण्याआधीच या उंदरांवर सुरू केलं होतं. उंदीर मामा आणून द्यायचे आणि शेजारी उभे राहायचे.

पहिला उंदीर झोपला. चीर दिली. नळी आत जात होती आणि त्याचे मागचे पाय हलले. डॉक्टरबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “एवढ्यात?” त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात उंदीर उघड्या पोटानिशी पूर्ण जागा झाला. तो ओरडला. पाय पाण्यात मारावेत तसे टेबलावर मारत तो कुशीवर वळला आणि पुढे सरकायला लागला. डॉक्टरबाईंनी त्याला पकडून मान मोडली. हात झटपट चालला, पण नंतर त्यांनी तो हात थोडा वेळ दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

“मी औषध कमी घेतलं असेल,” त्या म्हणाल्या. “दुसरा द्या.”

दुसराही जागा झाला. तिसऱ्याला त्यांनी चीर दिलीच नाही, नुसतं झोपवून बघत बसल्या. जेवढा वेळ झोपायला हवा त्याच्या निम्म्यालाच तो उठून मिशा साफ करू लागला. त्यांनी औषधाची बाटली बदलली, सुई बदलली, वजनकाटा तपासला. मग उठल्या आणि प्राणिघराकडे चालू लागल्या. मामा मागोमाग निघाले.

दार उघडून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

“मामा, हा वास कसला?”

“पाइनचा, बाई. ताजा आहे. छान येतोय ना?”

डॉक्टरबाई वाकल्या. खालच्या फळीवरचे पिंजरे त्यांना दिसले. त्यांनी एक बाहेर ओढला, आतला भुसा चिमटीत घेऊन हुंगला, मग कोपऱ्यातली बादली उपडी करून तिच्यावर बसल्या.

“कधीपासून?”

“तुम्ही गेलात तेव्हापासूनच. भट्टीवाला बंद पडला ना.”

“वास म्हणजे काय असतं, मामा? हवेत उडालेलं तेल. आपण इथे येतो, छान म्हणतो, निघून जातो. हे त्याच्यावर झोपतात. त्यातच खातात. ते सगळं अंगाबाहेर टाकायला यांचं यकृत दिवसरात्र दुपटीने राबतंय. मग मी औषध टोचलं की तेही त्याच झपाट्याने बाहेर टाकून देतं. आणि हे टेबलावर जागे होतात.” त्या शांतपणे बोलत होत्या. “पाइन वाईट नसतं. वाळवून, भाजून वास घालवलेलं असतं तर चाललं असतं. तिथे वाळलेला नव्हता का?”

“होता.”

“मग?”

मामांनी पिंजऱ्यांकडे पाहिलं. सांगण्यासारखं बरंच होतं. बादली होती, स्टूल होतं, चिकट कागद होता. हे सगळं सांगितलं असतं तर डॉक्टरबाईंना कदाचित दया आली असती, आणि मामांना ती नको होती.

“हा ताजा वाटला, बाई,” ते म्हणाले. “भाजी घेतो तसा घेतला.”

“भाजी!” डॉक्टरबाईंना हसू आलं. खरं म्हणजे त्यांना रडू येत होतं, पण आलं ते हसू, आणि दुपारी कँटीनमध्ये त्यांनी ते दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, गेटवर, भांडारात, कोणीही भेटलं तरी विचारू लागलं, “काय मामा, आज भाजी ताजी आहे ना?” मामा हसून “आहे आहे” म्हणत. ते वाक्य त्यांना पुढे कायमचं चिकटलं.

उंदीर ठेवण्यात अर्थ नव्हता. भुसा बदलला असता तर हळूहळू सुधारलेही असते, पण औषध चालू झालेलं, आणि आता त्यांच्यावर मोजलेलं काहीच खरं धरता येणार नव्हतं. सगळा लॉट मारायचा ठरला. असल्या कामाला दुसरा माणूस असतो. मामा म्हणाले, मी करतो.

काचेची पेटी, नळी, गॅसचा सिलिंडर. एकेक पिंजरा उघडायचा, आत हात घालायचा. हात आत गेला की उंदीर पळायला हवेत. हे मामांच्या हाताकडे यायचे, कारण त्या हाताने आजवर खाणंच दिलं होतं. ते तळहातावर चढत, बोटं हुंगत. मामा त्यांना पेटीत सोडत, झाकण लावत आणि चावी फिरवत. मग थांबत. मग बाहेर काढून प्रत्येकाच्या छातीखाली बोट धरून बघत की खरंच संपलंय ना. शिंकणारे त्यांनी सगळ्यात आधी घेतले. या कामाला संबंध दिवस गेला आणि दुसरा दिवसही गेला. एकालाही त्यांनी घाई केली नाही, एवढं म्हणता येईल.

उरलेली पोती डॉक्टरबाईंनी उभ्या राहून जाळायला लावली. मामांच्या खिशात एक मूठ राहिली होती. ती त्यांनी रोज थोडी थोडी चुरगळून बाहीला चोळली, पण वाळत गेली तसा तिचाही वास गेला. मग नवे उंदीर आले, भट्टीतला करडा भुसा आला, आणि एका संध्याकाळी बायको दारातच दोन पावलं मागे सरली.

“हे काय? परत?”

“पाइन बंद झालं.”

“बंद झालं म्हणजे? कारखाना आहे ना तो? जाऊन आणा.”

“ते उंदरांना चालत नाही.”

“उंदरांना चालत नाही!” बायकोने कपाळावर हात मारला. “उंदरांची तब्येत बघा आधी. आमचं नाक गेलं खड्ड्यात. लग्न तोंडावर आलंय माणसांच्या घरात, आणि या माणसाला उंदरांना काय चालतं याची काळजी!”

“मी रजा घेतो ना. आत्तापासूनच घेतो.”

“मागे महिनाभर आजारी पडून घरातच होतात. गेला होता का वास? चादरी फेकल्या मी तेव्हा. आणि नुसत्या वासाचं आहे का? त्या बाई कपाटाचं विचारणार. काका विचारणार, कारखाना कुठे, माणसं किती. काय सांगणार तुम्ही? पुन्हा भाजीची गोष्ट?”

ती गोष्ट घरापर्यंत पोचली होती तर.

मुलगी आतल्या दाराशी उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं. तिने आईकडे बघितलं.

असं ठरलं, की मामा लाकूड खरेदीला बाहेरगावी गेलेत आणि तिथेच अडकलेत. लग्न होईपर्यंत त्यांनी संस्थेतच राहायचं. प्राणिघरामागे पोती ठेवायची खोली होती, तिथे खाट मावत होती. “थोडेच दिवस,” बायको पिशवी भरताना म्हणाली. तिने पिशवीत हिरवा साबणही टाकला. ती मुद्दाम दुष्टपणाने वागत होती असं नाही. तिला मुलीचं लग्न नीट व्हायला हवं होतं, आणि नवऱ्याशिवाय ते अधिक नीट होणार होतं, हा तिचा साधा हिशेब होता. मामांनीही तो मान्य केला. त्यांना भांडता येत नसे.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी गेटवरच्या माणसाने निरोप आणला की मुलगी आली आहे. मामा घाईघाईने हात धुऊन बाहेर आले. ती प्राणिघराच्या पायऱ्यांशी उभी होती. केस बांधून आली होती, नखं रंगवली होती. चेहरा मात्र झोप न झालेला.

“कशी आहेस?”

“बरी. तुम्ही जेवलात?”

“जेवलो. इथलं कँटीन चांगलं आहे.”

तिने पिशवीतून एक नवा शर्ट काढला आणि हात लांब करून पुढे केला. “आईने पाठवलाय. उद्या हा घालून एक फोटो काढून पाठवा, म्हणाली. तिकडच्या लोकांना दाखवायला.” ती थांबली. पुढचं तिला सांगवत नव्हतं, पण आईने पढवलेलं होतं. “मागे लाकडं वगैरे दिसली तर बरं.”

“पाठवतो,” मामा म्हणाले. “मागे पोती आहेत, खोकी पण आहेत दोनतीन. बसेल सगळं.”

“बाबा, तुम्ही रागावलात?”

“छे गं. उद्या लग्न आणि आज असलं काय विचारतेस?”

ती पुढे आली आणि तिने त्यांना एकदम मिठी मारली. मामांचे हात क्षणभर हवेतच राहिले, मग हळूच तिच्या पाठीवर टेकले. तिने फार घट्ट धरलं होतं. तिला धरून राहायचं होतं, यात शंका नाही. ती मनापासून आली होती.

पण लहान जिवांना तळहातावर घेण्यात या माणसाचा जन्म गेला होता. हाताखाली श्वास चालू आहे की नाही, हे त्याला बघावं लागत नसे. मुलीची पाठ हलत नव्हती. जवळ येण्याआधी तिने छाती भरून श्वास घेतला होता आणि तो तसाच कोंडून ठेवला होता. तिच्या मानेची शीर ताठ झाली होती, आणि तरी ती सोडत नव्हती.

मामांनीच मिठी सोडवली. ते दोन पावलं मागे सरकले आणि ती श्वास घेईपर्यंत दुसरीकडे बघत उभे राहिले.